गॅस भरण्याआधी गळती शोधणारे गॅरेज : होटगी रस्त्यावरील कार एसी दुरुस्तीचा अनुभव

गाडीच्या एसीतला गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे होणारी किंचित घट सोडली, तर कमी झालेला गॅस कुठून तरी गळलेलाच असतो. तरीही सोलापुरात पारा चाळिशीपार गेला, की एसी बंद पडलेल्या गाडीवाल्याला बहुतेक ठिकाणी ‘गॅस भरून घ्या’ एवढाच सल्ला मिळतो. मीही शहरातील एका ठिकाणी गॅस भरून घेतला होता. काही आठवड्यांतच पुन्हा गरम हवा येऊ लागली, तेव्हा तिथे केबिनची हवा गार करणारी कूलिंग कॉइल बदलण्याचा, म्हणजे संपूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याचा सल्ला मिळाला. दुसरे मत घ्यावे म्हणून होटगी रस्त्यावरील एका लहान गॅरेजात गाडी नेली. हे परीक्षण त्या गॅरेजचे आहे.

येथील मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. गारवा हळूहळू कमी झाला की एकदम गेला? गाडी पळताना गार लागते आणि सिग्नलला थांबल्यावर गरम, असे होते का? तसे होत असेल तर संशय प्रथम कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पंख्यावर जातो. हवेचा झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर आधी पाहावा लागतो, आणि अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागांच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे फिल्टर सुताच्या तुसाने भरलेले असतात, असे ते म्हणाले. माझ्या गाडीचा झोत व्यवस्थित होता, परंतु एसीचे बटण दाबल्यावर मॅग्नेट क्लच, म्हणजे गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा भाग, ओढला जात नव्हता. एवढ्यावरून कंप्रेसर गेल्याचे निदान करणे सोपे होते. मात्र गॅसचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला, की सुरक्षेसाठी बसवलेला प्रेशर स्विच कंप्रेसरला चालूच होऊ देत नाही. त्यामुळे त्यांनी फ्यूज आणि रिले तपासून थेट दाब मोजणारे गेज लावले.

गेजचे वाचन हाच या गॅरेजचा खरा गुण आहे. इंजिन बंद असताना यंत्रणेच्या कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तो बाहेरच्या तापमानावर ठरतो. आर-१३४ए गॅस असलेल्या गाडीत ४० अंश सेल्सिअसला तो सुमारे १३० पीएसआय (दाबाचे एकक) असतो. माझ्या गाडीत तो याच्या निम्म्याहूनही कमी भरला, म्हणजे यंत्रणेत द्रवरूप गॅस उरलाच नव्हता. उलट, हा दाब योग्य दिसला म्हणजे गॅस पुरेसा आहे असे होत नाही, कारण थोडासा द्रव शिल्लक असला तरी काटा तेथेच उभा राहतो. खरे चित्र कंप्रेसर चालू असतानाच कळते. दोन्ही बाजू कमी असतील तर बहुधा गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर उष्णता टाकत नाही किंवा गॅस अधिक भरला आहे. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल तर कंप्रेसरची ताकद संपत आली आहे. हे सारे त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले.

“मालक, गॅस नंतर भरू, आधी गेला कुठनं ते बघू,” असे म्हणून त्यांनी यंत्रणेत नायट्रोजनचा दाब दिला आणि जोडांवर साबणाचे पाणी लावले. कंडेन्सरच्या नळीच्या जोडावर तेलकट डाग होता आणि नेमके तेथेच बुडबुडे आले. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही बाहेर पडते, म्हणून असा डाग गळतीची जागा दाखवतो. दोष एका कडक झालेल्या ओ-रिंगचा, म्हणजे जोडातील रबरी कड्याचा, निघाला. कूलिंग कॉइल शाबूत होती. ओ-रिंग बदलल्यावर त्यांनी व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवून आतील हवा व ओलावा काढला, पंप बंद करून गेजचा काटा हलत नाही याची खात्री केली, आणि बॉनेटखालील स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. सोलापूरच्या उन्हात केवळ गेजकडे पाहून गॅस भरल्यास अंदाज चुकण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे या वजनकाट्याला मी विशेष गुण देतो.

उणिवाही आहेत. बसण्यासाठी पत्र्याच्या सावलीतले एक बाकडे, एवढीच सोय. मूळ कंपनीचे सुटे भाग तेथे ठेवलेले नसतात, आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही; मिळाले तेही गॅसचे वजन न नोंदवलेले होते, ते आग्रहाने लिहून घ्यावे लागले. तपासणीचे पैसे वेगळे घेतात, मात्र दुरुस्ती तेथेच केल्यास ते वजा करतात, आणि हा व्यवहार मला रास्त वाटला. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. त्याचे काम ते घेत नाहीत, त्यामुळे जाण्याआधी बॉनेटखालचे स्टिकर वाचून घ्यावे.