अर्थिंग तपासताना तीन-पॉइंट चाचणी की क्लॅम्प टेस्टर?

घराला एकच अर्थ रॉड असेल, तर क्लॅम्प टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) मागवू नका. कोल्हापुरात बहुतेक घरांना महावितरणकडून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थ घरमालकाचा. क्लॅम्प अर्थच्या वायरीत प्रवाह खेळवून लूपचा, म्हणजे प्रवाह फिरून परत येतो त्या पूर्ण वाटेचा, रोध मोजतो. दुसरा अर्थ जोडलेला नसेल तर लूपच पूर्ण होत नाही आणि ‘ओएल’ (आकडा मीटरच्या मर्यादेबाहेर) दिसतं. त्यावरून रॉड खराब ठरवून अर्थिंगचा नवा खड्डा घेणं म्हणजे वाया खर्च.

अशा घराला तीन-पॉइंट चाचणीच हवी: रॉड आणि जमिनीत ठोकलेल्या दोन सळया (स्पाइक) मीटरला जोडून रॉडचा रोध मोजायचा. मेन स्विच बंद करून अर्थची वायर रॉडवरून सोडवा. ३ मीटरच्या रॉडसाठी करंट स्पाइक (प्रवाहासाठीची) रॉडपासून ३० मीटरवर आणि पोटेन्शियल स्पाइक (व्होल्टेज मोजण्यासाठीची) त्याच रेषेत सुमारे १८.५ मीटरवर ठोका. मग पोटेन्शियल स्पाइक ३ मीटर मागे आणि ३ मीटर पुढे सरकवून पुन्हा मोजा. तिन्ही आकडे जवळपास आले तर सरासरी घ्या. फरक मोठा असेल तर करंट स्पाइक आणखी लांब न्या. जमिनीतली लोखंडी पाण्याची लाईन रेषेला समांतर असेल तर आकडा फसवतो. मंगळवार पेठेतल्या बोळात स्पाइक ठोकायला माती नसेल, तर काँक्रीटवर ओलं पोतं आणि त्यावर धातूची पट्टी चालते. डांबरावर नाही.

उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यात गणित वेगळं. थ्री-फेज मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ लागतात, त्यामुळे खड्डेही सहसा दोन किंवा जास्त. तिथे वायर न सोडवता, काम चालू ठेवून क्लॅम्प लावता येतो. पण दोनच खड्डे असतील तर दिसतो तो दोघांचा बेरजेचा रोध: ८ ओहम म्हणजे कदाचित ४ अधिक ४, कदाचित २ अधिक ६. ०.१ ओहम दिसला तर खूश होऊ नका. खड्डे जोडणाऱ्या पट्टीचाच धातूचा लूप मोजला गेलाय, माती नव्हे. म्हणून पहिली नोंद तीन-पॉइंटची ठेवा, पुढच्या तपासण्या क्लॅम्पने.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार वीज सुरू करण्याआधी अर्थिंगची चाचणी हवीच. पुरवठादाराला आपलं अर्थिंग दर दोन वर्षांनी, कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी तपासावं लागतं. तोच नेम घरीही पाळा: एप्रिल-मे. पंचगंगेकाठची माती जुलैत भिजलेली असते, तेव्हाचा आकडा उन्हाळ्यात टिकत नाही.

आकडा ५ ओहम आला तरी २३० व्होल्टला बिघाडात अर्थमधून जाणारा प्रवाह ४६ अँपिअरच्या वर जात नाही; १६ अँपिअरचा सी-टाइप एमसीबी (जास्त प्रवाहाला वीज तोडणारा स्विच) त्यावर लगेच पडत नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवाच. त्याचं टेस्ट बटण मात्र आतल्या रेझिस्टरवर चालतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी तो पडतो.