पावसात एकट्यानं निघायचं, तर भंडारदरा की जव्हार?

नाशिकहून दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येतं. घोटीमार्गे भंडारदरा हा सरधोपट पर्याय. प्रवरेवरचा रंधा धबधबा पाहायचा तर धरणातून पाणी सुटलेलं असायला हवं. नुसता पाऊस पुरेसा नाही. धरण १९२६ सालचं, त्याच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल, तोही विसर्गावरच अवलंबून. खरी मजा जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघरला जाण्यात. पण शनिवार-रविवारी तिथं गाड्यांचीच जत्रा!

जव्हारच्या वाटेवर त्र्यंबक सोडून मोखाड्याकडे वळलात की गर्दी विरळ होते. वारली पाडे, गुडघाभर चिखलात भातलावणी, वळणावर आडवं येणारं धुकं. जव्हारजवळचा दाभोसा धबधबा लेंडी नदीवर, सुमारे तीनशे फुटांचा. पायथ्याशी उतरायला वाट आहे, ती निसरडी. एकटे असाल तर वरूनच बघा. मोबाइलची रेंज मध्येच गायब होते, अडकलात तर मदत बोलावता येणार नाही, म्हणून टाकी नाशिकलाच फुल करायची, स्टेपनीची हवाही तपासायची. श्रावणी सोमवारी मात्र हा रस्ता धरू नका, त्र्यंबकमध्येच अडकाल.

नवख्यानं भंडारदरा करावा, तोही मधल्या वारी. मला विचाराल तर जव्हारच, फक्त अंधाराआधी घाट पार करून त्र्यंबक गाठायचं.