पॅकिंग मशीनवर इथरकॅट : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीच्या आमच्या कारखान्यात पाउच पॅकिंग मशीनचे सहाही सर्व्हो ड्राइव्ह (मोटर अचूक फिरवणारे युनिट) इथरकॅटवर, म्हणजे मशीनचे भाग जोडणाऱ्या इथरनेटवर आधारित नेटवर्कवर, घेऊन आता आठ-नऊ महिने होत आले. आधी पीएलसीपासून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपासून) प्रत्येक ड्राइव्हला किती आणि कुठल्या दिशेला फिरायचं ते सांगणाऱ्या पल्स-डायरेक्शनच्या वायरी आणि अलार्म वाचायला वेगळी आरएस-४८५ सिरियल लाइन. पॅनेल उघडलं की नुसतं वायरींचं जंजाळ. आता एका ड्राइव्हमधून दुसऱ्यात जाणारी एकच लॅन केबल.

बेकहॉफने २००३ मध्ये आणलेल्या या पद्धतीत वेग १०० एमबीपीएसच आहे. कमाल आहे ती फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या पाकिटाच्या, प्रवासात. एकच फ्रेम सगळ्यांमधून धावते, ती पुढे सरकत असतानाच जो तो आपला डेटा उचलतो, स्वतःचा टाकतो आणि शेवटच्या डिव्हाइसपासून ती मागे फिरते. आमची सायकल एक मिलिसेकंदाची, म्हणजे दर मिलिसेकंदाला अशी एक फेरी. ड्राइव्हची घड्याळं एक मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली असतात. पूर्वी स्पीड वाढवला की फिल्म ओढणं आणि जॉ (पाउच सील करणारा जबडा) मिटणं यांचा मेळ सुटायचा, प्रिंट सरकायची. ते बंद झालं.

पण मला खरी किंमत कळली ती फॉल्ट शोधताना. पावसाळ्यात मशीन अधूनमधून थांबायला लागलं. रीसेट केलं की पुन्हा चालू. असा फॉल्ट पूर्वी आठवडा खायचा. इथे प्रत्येक पोर्टला एरर काउंटर आहे. खराब फ्रेम ज्याला पहिल्यांदा दिसते तो तिच्यावर खूण करून पुढे सोडतो, म्हणून पुढचे तिला वेगळ्या काउंटरमध्ये मोजतात. सरकत्या जॉवरच्या आय-ओ मॉड्यूलच्या (सेन्सर वगैरे जोडायच्या डब्याच्या) इन पोर्टचा आकडा तेवढा चढत होता. ड्रॅग चेन (हलत्या केबलींची साखळीसारखी पट्टी) उघडली तर आत साधी पॅच कॉर्ड, वाकून वाकून शील्ड तुटलेली. हाय-फ्लेक्स केबल टाकली, काम झालं. काउंटर २५५ वर थांबतो, तेव्हा शिफ्टच्या सुरुवातीला आकडा लिहून शून्य करत जा.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मधल्या एका ड्राइव्हची पॉवर गेली की त्याच्यापुढचे सगळे तुटतात. इन-आउट केबलची अदलाबदल झाली की क्रम जुळत नाही आणि मास्टर, म्हणजे नेटवर्क चालवणारा कंट्रोलर, ऑपरेशनमध्ये जातच नाही. प्रोटोकॉल एकच असला तरी दुसऱ्या मेकचा ड्राइव्ह सरळ बसत नाही, त्याची ईएसआय फाइल (डिव्हाइसची माहिती देणारी फाइल) घेऊन कॉन्फिगरेशन बदलावं लागतं. स्टोअरमध्ये त्याच मॉडेलचा एक स्पेअर ठेवाच. आणि नवीन मशीनची ऑर्डर देताना रिंग रिडंडन्सीसाठी (केबल एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेटवर्क चालू राहावं म्हणून) मास्टरला दुसरा पोर्ट आहे का, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या; आमच्याकडे तो नाही आणि आता कंट्रोलर बदलल्याशिवाय मिळणारही नाही.