गरवणाऱ्याचे कोपर: इंजेक्शन की व्यायाम?

खाडीच्या धक्क्यावर जिताडा मासा गरवण्यासाठी दिवसभर रॉड फेकणाऱ्याच्या कोपराची बाहेरची बाजू ठणकू लागली, की दोन सल्ले हमखास मिळतात: स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्या किंवा धीराने व्यायाम करा.

इंजेक्शनाचा मोह समजण्यासारखा आहे, कारण काही दिवसांत दुखणे उतरते आणि हंगाम वाया जात नाही. मात्र मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा जिथे कोपराच्या हाडाला चिकटतो, तिथली झीज त्याने भरून येत नाही. ऑस्ट्रेलियात 165 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत 54 टक्के, तर नुसते सलाइन टोचलेल्यांत 12 टक्के आढळले.

व्यायामाला महिने लागतात. हात टेबलावर ठेवून, तळवा खाली व मनगट कडेबाहेर ठेवून, अर्ध्या किलोचे वजन दुसऱ्या हाताने वर आणायचे आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायचे; हे कंटाळवाणे असले, तरी कंडरा पुन्हा भार पेलायला शिकतो तो असाच. शिवाय या काळात गरवणे पूर्ण सोडावे लागत नाही: हलका रॉड घ्यावा, मूठ सैल ठेवावी, दोन्ही हातांनी फेकावे.

माझा कौल निःसंशय व्यायामाला आहे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मूठच वळत नसेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.