टीडीएस पेन: शाळकरी मुलांच्या संशोधनाला पुरतो का?

आठवी ते दहावीच्या मुलांना स्वतःच्या हाताने मोजमाप घेऊन संशोधन करायचं असेल, तर टीडीएस पेनइतकं स्वस्त आणि कामाचं यंत्र दुसरं सापडणं कठीण. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; त्यांचा अंदाज सांगणारा हा पेन दोन-तीनशे रुपयांत ऑनलाइन मिळतो. सोलापुरात आरओ दुरुस्त करणाऱ्या दुकानातही विचारून पाहा. आमचं मत आधीच सांगून टाकतो: जरूर घ्या. फक्त ‘हे पाणी पिण्याजोगं आहे का’ हे ठरवायला घेऊ नका, कारण ते काम या पेनचं नाही. एकाच पाण्यात दिवसागणिक काय बदललं, दोन ठिकाणच्या पाण्यात फरक किती, हे तो नीट सांगतो. चांगला प्रकल्प उभा राहायला तेवढं पुरतं.

पेनच्या टोकाला दोन छोट्या धातूच्या पिना असतात. त्यांच्यामधून पाण्यात वीज किती सहज वाहते, एवढंच पेन मोजतो. मग त्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणून पडद्यावर ‘पीपीएम’ (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतो. म्हणजे क्षार प्रत्यक्ष मोजलेले नसतात, विजेवरून अंदाज बांधलेला असतो. हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवायचं असेल तर बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे बॅटरीत भरायला मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात (ॲसिडमध्ये नव्हे), दोन चमचे साखर विरघळवा आणि पेन बुडवा. आकडा जवळपास हलत नाही, कारण साखर पाण्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सोडत नाही. चिमूटभर मीठ टाका, लगेच शेकड्यांत उडी. ज्याचे आयन होत नाहीत ते या यंत्राला दिसत नाही, हे तिथेच कळतं. जंतू आणि बहुतेक कीटकनाशकंही त्याला दिसत नाहीत, ती याच कारणाने.

आता खरेदीतली सगळ्यात मोठी गोम. एकाच भांड्यात दोन वेगवेगळे पेन बुडवले तर एक 500 दाखवतो, दुसरा 700, आणि मुलं म्हणतात की एक खराब आहे. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. एक कंपनी 0.5 चा गुणक वापरते, दुसरी 0.7 चा. म्हणून ज्यात ‘ईसी’ म्हणजे विद्युतवाहकता मायक्रोसिमेन्समध्ये दाखवायची सोय आहे, तोच पेन घ्यावा. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. नोंदी ईसीमध्येच ठेवाव्यात, मग दुसऱ्या शाळेच्या आकड्यांशी ताळा जमतो.

पेन बरोबर दाखवतो का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची बाटली आणा. त्यात 0.9 टक्के मीठ असतं, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम, आणि औषध म्हणून बनत असल्यामुळे प्रमाणाची खात्री असते. दहा मिलिच्या सिरिंजने 28 मिलि सलाइन मोजून घ्या आणि बॅटरीचं पाणी घालून एकूण 500 मिलि करा. हे झालं लिटरला 504 मिलिग्रॅम मिठाचं प्रमाण द्रावण. पंचवीस अंशांना त्याची ईसी 1,020 ते 1,030 च्या दरम्यान यायला हवी. 0.5 गुणकाचा पेन पीपीएममध्ये पाचशेच्या थोडं वर दाखवेल, 0.7 वाला सातशेच्या वर. तुमच्या पेनचा गुणक कोणता, हेही यातूनच कळतं. बॅटरीचं पाणी आधी पेनने तपासा. पाच पीपीएमच्या वर असेल तर दुसरीकडून आणा.

काही पेनांना मागे बारीक स्क्रू असतो, काहींना बटण दाबून धरून आकडा जुळवता येतो. स्वस्तातल्या बऱ्याच पेनांत दोन्ही नसतं. नसेल तर अडायचं कारण नाही: द्रावणाला पेन 960 दाखवत असेल, तर 1,025 ला 960 ने भागा, 1.07 येतं. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींना तेवढ्याने गुणा. ही तपासणी मोजमाप सुरू करताना आणि संपवताना, दोन्ही वेळा करायची. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हलला असेल, तर त्या दिवसाच्या नोंदी बाजूला ठेवून पुन्हा मोजायचं.

चुका होतात त्या मुख्यतः हाताळणीत. पेन उभा बुडवला की दोन पिनांमध्ये बारीक हवेचा बुडबुडा अडकतो. तो पाण्याची जागा अडवतो, विजेला वाट कमी मिळते आणि आकडा कमी येतो. पेन बुडवून भांड्याच्या काठावर हलकेच दोनदा टिचकी मारा आणि आकडा कसा वर चढतो ते बघा. दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी एक अंशाने तापलं की ईसी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 35 अंशांवर असेल, तर तापमान-सुधारणा नसलेला पेन सुमारे वीस टक्के जास्त दाखवेल, आणि मुलं निष्कर्ष काढतील की उन्हाळ्यात क्षार वाढले. खोक्यावर ‘एटीसी’ (आपोआप होणारी तापमान-सुधारणा) लिहिलेला पेनच घ्यावा. एटीसी असला तरी पेनला पाण्याच्या तापमानाला यायला वेळ लागतो, म्हणून निदान एक मिनिट थांबून, आकडा स्थिरावल्यावरच नोंद करा.

पेन खुणेच्या वर बुडवू नका; पाणी बॅटरीच्या कप्प्यात शिरतं आणि बहुतेक पेन असेच मरतात. पडद्यावर कोपऱ्यात छोटं ‘×10’ उमटलंय का तेही बघायला हवं. बोअरच्या पाण्याला 142 दिसतं आणि पोरं खूश होतात, प्रत्यक्षात ते 1,420 असतं. नमुने नेहमी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे मोजा, आणि दरवेळी पुढच्याच नमुन्याच्या थोड्या पाण्याने पेन धुवा.

सोलापुरात या पेनला विषयांची कमतरता नाही. इथे उजनी धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी हौद, टाक्या, पिंप भरलेली. साठवलेलं पाणी दिवसागणिक बदलतं का, आणि सिमेंटच्या हौदात वेगळं बदलतं का? हा आमच्या मते शाळेसाठी सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर मुलांच्या घरातच आहे आणि त्यात विचार करायला जागा आहे. एकाच दिवशी, एकाच नळाचं पाणी एका सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या पिंपात आणि सिमेंटच्या छोट्या टाकीत भरायचं. रोज ठरावीक वेळी ढवळून ईसी, तापमान आणि पट्टीने पाण्याची उंची नोंदवायची. या काळात त्यातलं पाणी वापरायचं नाही.

उंची कशाला, असं मुलं विचारतातच. पाणी 30 सेंटीमीटरवरून 27 वर आलं तर दहा टक्के वाफ झाली; क्षार तेवढेच राहिले, म्हणून 800 ची ईसी 30 भागिले 27 या हिशेबाने 889 च्या आसपास जायला हवी. प्रत्यक्ष आकडा याहून बराच जास्त आला, तर टाकीतून काहीतरी पाण्यात उतरतंय. नव्या सिमेंटमधून चुना उतरतोच. कमी आला, तर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातून बाहेर पडून भिंतीवर पांढरा थर धरतंय. बोटाने खरवडलं तर तो थर नखाखाली येतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की फसफसतो. या पेनच्या एकाच पाण्याच्या दोन नोंदींत एक-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो, म्हणून 889 च्या जागी 900 आलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे वाक्य अहवालात लिहिणाऱ्या गटाला परीक्षकांनी जास्त गुण द्यावेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुसरा विषय बोअर आणि पाऊस. इथला खडक काळा बेसाल्ट, पाणी भेगांमधून मुरतं, त्यामुळे शेजारच्या दोन बोअरचं पाणीही सारखं नसतं. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस भरवशाचा. जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत दर आठवड्याला चार-पाच बोअर आणि एखादी उघडी विहीर मोजली, तर पाऊस पडल्यावर कोणाची ईसी किती दिवसांनी उतरते हे आलेखात दिसतं. पंप निदान पाच मिनिटं चालवून मगच नमुना घ्यायचा, कारण पाइपात साचून राहिलेलं पाणी खालच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, गच्च भरायची, त्याच दिवशी मोजायची.

चादरी-टॉवेलच्या रंगाईचं पाणीही मुलांना खुणावतं. सुती धाग्याला रिॲक्टिव्ह रंग चढवताना लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) लागतं, त्यामुळे अशा पाण्याला पेनची 9,990 ची मर्यादा पुरत नाही. दहापट पातळ करून मोजावं लागतं. शिवाय ते पाणी अल्कधर्मी असतं. हातमोजे आणि सोबत मोठं माणूस नसेल तर हा विषय नकोच.

पेनची मर्यादा कुठे आड येते, तेही सांगायला हवं. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालतो. पण नायट्रेटची मर्यादा 45 आणि फ्लोराइडची 1, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. चारशेच्या टीडीएसमध्ये नायट्रेट 10 आहे की 100, हे पेनला कळत नाही. ‘आमच्या गावचं पाणी शुद्ध आहे’ असा निष्कर्ष फक्त पेनवरून काढलेला प्रकल्प बाद धरावा. आरओ विकणारे दोन सळयांचं यंत्र ग्लासात घालून पाणी तपकिरी करून दाखवतात, ती तर लोखंडाच्या सळईचीच झीज असते. त्याची पोलखोल हा वेगळा, छान प्रकल्प होईल.

पेनसोबत कठीणपणाही (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजला तर प्रकल्पाला वजन येतं. त्यासाठी एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात दुपारभर जागा मागावी. नमुना 50 मिलि, अमोनियाचा बफर, रंग बदलून खूण देणारं एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमध्ये (थेंबथेंब सोडायच्या मोजनळीत) कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं 0.01 मोलर ईडीटीए. लालसर जांभळा रंग जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबायचं. जितके मिलि ईडीटीए लागलं त्याला 20 ने गुणलं की कठीणपणा मिळतो, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, लिटरला मिलिग्रॅममध्ये. निळा येण्याआधी एक जांभळट टप्पा येतो, तिथे घाई झाली की उत्तर कमी येतं. शेवटचे थेंब एकेक करून सोडा.

देखभाल थोडीच आहे. बोअरच्या पाण्याने पिनांवर पांढरं कीट धरतं आणि आकडे हळूहळू खाली सरकतात. आठवड्यातून एकदा पिना लिंबूसत्त्वाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग बॅटरीच्या पाण्याने धुवा. कापडाने घासू नका. सेल बहुधा बटणाचे असतात. पडदा फिका पडायला लागला की त्या दिवशीच बदला आणि बदलल्यावर सलाइनची तपासणी पुन्हा करा. दोन मुलांच्या गटाला दोन पेन घेऊन द्यावेत, एकाच कंपनीचे. प्रत्येक नमुना दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजायचा आणि मगच वहीत शेजारी शेजारी लिहायचा.