डोंबिवली पूर्व, स्टेशनजवळचा भाग: भाड्याने राहणाऱ्यांसाठी रिव्ह्यू (5 पैकी 3.5)

नोकरी मुंबईत, मुंबईत घर परवडत नाही, आणि जिथे राहू तिथे चार माणसं ओळखीची व्हावीत असं वाटत असेल तर डोंबिवली बघा, फक्त डोंबिवली म्हणजे नक्की कुठली ते आधी ठरवा, कारण एजंट लोक कल्याण-शीळ रोडवरचे टॉवरपण बिनधास्त डोंबिवली ईस्ट म्हणून खपवतात. तिथून संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे स्टेशन गाठायचं म्हणजे वैताग. मी लिहितेय ते टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर या जुन्या भागाबद्दल, जिथून स्टेशनला चालत जाता येतं.

इथल्या जुन्या बिल्डिंगी तीन-चार मजली, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. घर बघायला आलेले लोक इथेच नाक मुरडतात, सामान चढवताना मलापण जीव नकोसा झाला होता, पण माझं मत विचाराल तर ओळखी होतात त्या जिन्यामुळेच. भाजीची पिशवी घेऊन वर चढताना तुम्ही दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबता, तिथल्या काकू दारात असतात, बोलणं होतं, दोन महिन्यात तुमचा सिलेंडर आणि कुरिअर त्या घेऊन ठेवायला लागतात. घराची एक किल्ली समोरच्यांकडे ठेवायची पद्धत अजून चालू आहे. टॉवरमधे क्लबहाऊस असतं, व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि ग्रुपवर पार्किंगची भांडणं असतात, तिथे राहणाऱ्या मैत्रिणीला शेजारच्यांचं आडनाव माहीत नाही.

आता याची दुसरी बाजू पण ऐका. चौकशा फार. पगार किती, दुसरं मूल कधी, सासूबाई का नाही येत राहायला, सगळं विचारतात आणि तुम्ही नाही सांगितलं तर स्वतःच उत्तर ठरवून टाकतात. फॅमिली असेल तर घर पटकन मिळतं, एकट्या मुलामुलींना मात्र फार फिरवतात, काही मालक आडनाव आणि नॉनव्हेज खाता का हे भाड्याच्या आधी विचारतात, मला तर हे अजिबात पटत नाही. माणुसकी आहे पण ती आधी तुम्हाला तपासून घेते, दीड स्टार तिथेच आणि खाली लिहिलेल्या गोष्टींवर गेला.

फडके रोडबद्दल लिहायलाच हवं. गणेश मंदिरापासचा हा रस्ता एरवी नुसता गर्दीचा आणि हॉर्नचा, पण दिवाळीच्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली नटूनथटून इथे उभी असते. गुढीपाडव्याची शोभायात्रापण डोंबिवलीतच 1999 साली सुरू झाली, मग बाकी शहरांनी उचलली. 2017 चं साहित्य संमेलन इथेच झालं. नवीन राहायला आलेल्यांना यात घुसायला सोपं पडतं, सोसायटीतलं कोणीतरी ओढूनच नेतं, ढोलपथकात नाव घातलंत तर वर्षभराची दोस्ती.

लोकल. सकाळची गर्दी भयंकर आहे, यात काही सुधारणा वगैरे समजू नका, फास्टने सीएसएमटीला सव्वा तासाच्या आसपास धरा. डोंबिवलीहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला मिळायची आशा, तीपण गाडी मुंबईकडून येतानाच तिच्यात बसून आलेल्या बायका आधीच नसतील तर. पण रोज एकाच डब्यात एकाच दाराशी चढलात की ग्रुप आपोआप होतो, दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी मागितली की समजा तुम्हाला घेतलं. गाडीने ठाण्याला जाणाऱ्यांसाठी मोठागाव-माणकोली पूल 2024 ला सुरू झालाय पण तो पश्चिमेला, पूर्वेकडून आधी रेल्वे लाईन ओलांडा.

एमआयडीसीचा निवासी भाग, मिलापनगर वगैरे, दिसायला सगळ्यात छान, झाडं, बंगले, शांतता, सावित्रीबाई फुले कलामंदिर जवळ. मला तरी तिथे नको. केमिकल कारखान्यांचे स्फोट 2016 ला झाले, 2024 ला परत झाले, माणसं गेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. लहान मूल असेल तर निदान रात्री एकदा जाऊन हवेचा वास घेऊन या.

आणि जुन्या बिल्डिंगीत घर घेताय तर रिडेव्हलपमेंटचं विचाराच, आजकाल प्रत्येक गल्लीत एक तरी बिल्डिंग हिरव्या कापडामागे गेलेली दिसते. मालक अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून मोकळा होतो आणि मधेच खाली करायची नोटीस आली की ज्या शेजाऱ्यांसाठी आलात तेच चार दिशांना पांगतात. एजंट यातलं काही सांगत नाही, टोकन द्यायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा, नाहीतर तळमजल्यावरच्या आजोबांना, त्यांना जास्त माहिती असते.