लेस पॉल-मार्शल की स्ट्रॅट-फेंडर? सदर्न रॉकचा उबदार आवाज घरी आणताना

सत्तरच्या दशकातला अमेरिकन सदर्न रॉकचा तो ऊबदार आवाज हवा आहे, पण गिटार आणि ॲम्पची जोडी एकच घेता येणार आहे: गिब्सनची लेस पॉल गिटार आणि मार्शलचा ॲम्प, किंवा फेंडरची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटार आणि फेंडरचाच ॲम्प. मग आधी ठरवा, कानात नेमका कोणत्या बँडचा आवाज घुमतोय: ऑलमन ब्रदर्सचा की लिनर्ड स्किनर्डचा?

ऑलमन ब्रदर्सचं मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये झालेलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. बँडचे गिटारवादक ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स, दोघांचीही भिस्त गिब्सनच्या हंबकरवाल्या गिटारांवर आणि मार्शलवर. हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, तारांचं कंपन पकडणारा भाग. हंबकरमधल्या दोन कॉइल एकमेकींची गुणगुण मारतात आणि वरची धारही थोडी बोथट करतात. मार्शल मिड्स (मधल्या पट्टीतले स्वर) पुढे आणतो. त्यामुळे एकेक सूर गळ्यातून आल्यासारखा भरीव लागतो आणि लांबतो. स्लाइड (बोटातली नळी तारांवर सरकवत) वाजवायची असेल तर ही जोडी फारच गोड. ड्वेन त्यासाठी औषधाची काचेची बाटली बोटात घालायचा आणि तारा बऱ्याचदा ओपन ई-मध्ये, म्हणजे मोकळ्या छेडल्या तरी ई कॉर्ड वाजेल अशा, लावायचा.

स्किनर्डमध्ये तीन गिटार होत्या. गॅरी रॉसिंग्टनची लेस पॉल, ॲलन कॉलिन्सची गिब्सन फायरबर्ड आणि एड किंगची स्ट्रॅट. या गर्दीत स्ट्रॅटचा टोकदार, मोकळा सूर वेगळा ऐकू येतो. फेंडरचा ॲम्प मिड्स थोडे मागे ठेवतो, म्हणून कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी लागते. ऱ्हिदम आणि बोटांनी छेडलेले तुकडे हेच तुमचं मुख्य वाजवणं असेल तर बिनधास्त हीच जोडी घ्या. घरी एकट्याने वाजवताना मात्र ती बारीक वाटू शकते. शिवाय जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपला (तारा खाली टेकतात त्या टोकाजवळच्या) टोन नॉब नसतो, त्यामुळे तिथला कर्कशपणा गिटारवरून आवरता येत नाही. लेस पॉलची स्केल (तारेची वाजती लांबी) ही थोडी आखूड, सुमारे २४.७५ इंच, तर स्ट्रॅटची २५.५. त्याच जाडीच्या तारा लेस पॉलवर बेंड करायला (बोटाने ताणून सूर चढवायला) हलक्या जातात.

माझं मत लेस पॉलच्या बाजूने आहे. अस्सलच हवी असं नाही, गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडची, चांगली एपिफोनही चालेल. ॲम्प मात्र ५० वॉटचा नको. फ्लॅटमध्ये तो कधीच पुरेसा उघडता येणार नाही, आणि ही ऊब तर ॲम्पमधल्या ट्यूबवर (काचेच्या व्हॉल्व्हवर) जोर आल्यावरच येते. मार्शल घराण्याचा ५ वॉटचा ट्यूब ॲम्प बघा, तोही वाटतो त्यापेक्षा बराच मोठा वाजतो.

या आवाजाचा घात सर्वात जास्त करतो तो गेन, म्हणजे ॲम्प आत सिग्नल किती वाढवून आवाज फाडतो ती मात्रा. ॲम्पवर गेन ४ च्या आसपास ठेवा, ब्रिज पिकअप निवडा, गिटारचा टोन ६ वर आणि व्हॉल्यूम ७ वर आणा. आता हलक्या हाताने जी कॉर्ड वाजवा: सहाही तारा वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. मग तीच कॉर्ड जोरात मारा, कडेला किंचित खरखर उठेल. सोलोला व्हॉल्यूम १० वर न्या, पेडलला पाय लावायची गरज नाही.

दुकानातही हेच करून बघा. व्हॉल्यूम ७ वर आणताच सगळी चमक जाऊन आवाज गोधडीखालून आल्यासारखा झाला, तर ती गिटार बाजूला ठेवून त्याच ॲम्पवर दुसरी मागा.